काविळीची माळ का वाढते

बाळांनो, काविळीची माळ अंगावर चढवली की खरोखर वाढते. आणि तिने कावीळ मुळीच बरी होत नाही. या दोन्ही गोष्टी तुम्हाला तिकडे परदेशात एकत्र कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

नव्वदच्या दशकात आम्ही देवळाली प्रवरेला राहत होतो. शेजारच्या सुनेला पाचव्या महिन्यात कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, अन्न समोर आलं की उलटी. गरोदर बाईची कावीळ जिवावर बेतते, हे मी तिच्या सासूला बजावून सांगितलं. सुनेचा नवरा तर विज्ञानाचा पदवीधर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा. त्या शास्त्रज्ञाने बायकोला कावीळ उतरवणाऱ्या बुवाकडे नेलं.

बुवाने तिच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि ते चुन्याच्या निवळीत धुतले. पाणी पिवळं झालं. म्हणे कावीळ उतरू लागली. मग ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून केलेली लहानशी माळ तिच्या डोक्यावर ठेवली. ती वाढून गळ्यात येणार, गळ्यातून पोटापर्यंत पोचली की कावीळ गेली. तोवर डॉक्टर नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत प्रकृतीनिशी बुवापुढे हात केले. माझंही पाणी पिवळं.

"येळेवर आलात, बाई," बुवा म्हणाला. "लई मुरली व्हती."

सालीच्या रसाला चुना लागला की तो पिवळा होतो, मग हात कुणाचेही असोत. मलाही माळ मिळाली. ती मी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली. दोन-तीन दिवसांत काड्या वाळून बारीक झाल्या, त्यांच्याभोवतीचे दोऱ्याचे फास सैल पडले आणि माळ चांगली हातभर लोंबू लागली. एवढंच ते दैवी रहस्य.

तोपर्यंत शेजारची सून पाणीही पोटात ठेवीनाशी झाली होती. मी सगळ्यांना घरी बोलावून खुंटी दाखवली. सासू बराच वेळ निरखत राहिली. मला वाटलं, उजेड पडला.

"तुमची बी उतरली की वो, बाई."

"अहो, ही मी घातलीच नव्हती. खुंटीलाच होती."

"मंग घरातली उतरली आसंल. बरं झालं, न्हाईतर समद्यांना झाली आसती."

पदवीधराने मान डोलावली. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांची मला कीव आली.

सून दाराला टेकून उभी होती. तिने स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि माझ्या माळेशेजारी अडकवली.

"खुंटीवर बी उतरती ना, आत्याबाई?" ती सासूला म्हणाली. "मंग माझी हितंच उतरू द्या. तवर मी काकूंसंगं श्रीरामपूरला दवाखान्यात जाऊन येते."

सासूने काही म्हणायच्या आत मी त्या पदवीधराला जीप आणायला पिटाळलं.

डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. ती वाचली, पोटातलं मूलही वाचलं. बारशाला सासूने जमलेल्या बायकांना सांगितलं की दवाखान्यात नुसतं सलाईन लावलं, गुण बाईंच्या खुंटीचा. त्यानंतर कितीतरी बायका माळा घेऊन माझ्या दारी आल्या. एरवी मी आल्यागेल्याला चहा विचारते. त्यांना फक्त दवाखान्याचा पत्ता सांगितला.