अकरा नंबरची गरम नळी

१२ फेब्रुवारी, दुपारचे तीन. काम : कॉलममधून उतरलेल्या चाळीस नळ्यांत आमचं एन्झाइम शोधणं.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. बोईसरच्या एमआयडीसीत प्रोटिनं वेगळी करण्यात माझी बावीस वर्षं गेली. बारीक मण्यांनी भरलेल्या काचेच्या उभ्या कॉलममध्ये मिश्रण ओतायचं, खाली थेंब थेंब नळ्यांत गोळा करायचं. प्रत्येक प्रोटीन आपापल्या वेळेला बाहेर येतं. कुठलं कधी आलं ते डिटेक्टर दाखवतो. त्या दिवशी लाईट गेली-आली आणि डिटेक्टरचा दिवाच उडाला! सॅम्पल शेवटचं, तीन महिन्यांच्या मेहनतीचं... एन्झाइम संध्याकाळपर्यंतच टिकणारं. आणि तपासायचं रिएजंट, म्हणजे एन्झाइम भेटलं की पिवळं होणारं रसायन, पाच नळ्यांपुरतं.

मागच्या वेळी ते बाविसाव्या नळीपासून उतरलं होतं. म्हणून बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस तपासल्या. चारही कोऱ्या.

तेवढ्यात काचसामान धुणाऱ्या, घिवलीच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई चार डिग्रीच्या कोल्ड रूममध्ये आल्या. नळ्यांचा स्टँड सरकवता सरकवता थबकल्या.

"मॅडम, ही नळी गरम हाय."

अकरा नंबर.

"हिराबाई, ताजी-शिळी बोटानं बघायला ही मासळी नाही."

"मासळी कदी गरम असते काय? हात लावून तं बगा!"

ग्लोव्हज काढले. दहा गार, बारा गार. अकरा मात्र चहाच्या पेल्यासारखी ऊबदार! आत थर्मामीटर घातला — चार डिग्री. पुन्हा हात लावला. गरमच!

रिएजंट एका नळीपुरतं उरलेलं. हिशेबाने सव्वीस तपासायला हवी होती. मी अकरा घेतली.

अर्ध्या मिनिटात पिवळाधमक रंग! मी चक्क ओरडले.

"आता इला घेऊन नाचू नका," हिराबाई म्हणाल्या, "सांडंल."

कॉलममध्ये आदल्या दिवशीच नवे मणी भरले होते, म्हणून एन्झाइम लवकर उतरलं असेल, हे मला कळतं. पण चार डिग्रीतली नळी दोघींच्याही हाताला गरम का लागली... ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्ससुद्धा न ठेवता मी कोल्ड रूममध्ये गेले आणि उरलेल्या एकोणचाळीस नळ्यांना उघड्या हाताने एकेक करून हात लावला. सगळ्या गार. मग त्या हिराबाईंकडे धुवायला दिल्या.