दगडावरचं पाचवं नाव

पोलादपूरला नेमणुकीस असतानाचं ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. निवृत्तीचं वर्ष होतं. कापडे गावापुढच्या एका खेड्यात लढाईत पडलेल्या चार जवानांचं स्मारक आहे. एका सकाळी स्मारक समितीचे अध्यक्ष पोलीस ठाण्यात आले. चार नावांखाली कुणीतरी पाचवं नाव कोरलं होतं. आडनाव अर्ध्या गावाचं, पण माणूस कुणाच्याच ओळखीचा नाही.

"विटंबना आहे, साहेब. गुन्हा दाखल करा."

डायरीत नोंद घेऊन मी पंचनाम्याला गेलो. वरची नावं यंत्राने कोरलेली. पाचवं मात्र बारीक ठिपक्यांचं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पण तिथे शिक्षण नव्हे, आईचा पाटा कामी आला. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारा येऊन छिन्नीने असेच ठिपके पाडायचा.

समोर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींना विचारलं, "इथे टाकी कोण लावतं?"

"मिक्सर आल्यावर कोण लावतंय? एक म्हातारा हाय खालच्या वाडीत. परवा गाव लग्नाला गेलं तवा हितंच टकटक करत बसला व्हता. मला वाटलं, कमिटीनंच लावलाय कामाला." मग घाबरून म्हणाल्या, "मारू नका हो. त्याचं कोण नाय."

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. चहा पुढे केला तेव्हा म्हणाला, "भाव हाय माझा. थोरला."

"लढाईत गेला?"

"नाय. पलटणीत व्हता, पण छावणीत काविळीनं गेला. जुन्या कमिटीला तीनदा बोललो. ते म्हणले, गोळी लागली नाय, तर नाव नाय. ते पण मेले आता."

"म्हणून परवानगीशिवाय कोरायचं?"

"सव्वीस जानेवारीला नावं वाचतात, साहेब. घरचं माणूस पुढं जाऊन नारळ घेतं. मी गेल्यावर त्याचं नाव कोण काढंल? दगडावर असलं, तर वाचावं लागंल."

जबाब मी त्याच्याच शब्दांत लिहिला आणि अध्यक्षांना वाचून दाखवला. त्यांनी तक्रार मागे घेतली. "राहू द्या नाव," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास म्हातारा गेला. डिसेंबरअखेर मी निवृत्त झालो.

सव्वीस जानेवारीला मी त्या गावी गेलो. चार नावं वाचली, चार घरची माणसं पुढे आली. मग पाचवं नाव वाचलं. अध्यक्ष नारळ धरून उभे.

"घरचं कोणी?"

कुणी हललं नाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी उठलो नाही. मी कुठे त्या घरचा होतो? थोडं थांबून अध्यक्षांनी नारळ दगडापाशी ठेवला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

कुणाच्या परवानगीने केलंत, हे मी नोकरीभर लोकांना विचारत आलो. त्या दिवशी उठून तो नारळ घ्यायला मला कुणाचीच परवानगी लागत नव्हती, हे महाडच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं.