रंगाची पस्तीस मिनिटं

"मी तुला म्हातारी म्हटलं का? टायमर लाव म्हटलं."

"एकच झालं."

"एकच कसं? पोस्टातल्या बाईंच्या कपाळावर केसांच्या रंगाने लाल पट्टा उठवलास तू. आठ दिवस रुमाल बांधून खिडकीवर बसल्या त्या."

"त्यांची कातडीच नाजूक आहे. जोरात बोललं तरी उठेल."

लेकीने टॅब आरशाला टेकवून उभा केला. त्यात इंटरनेटवरचं एक पान उघडलं होतं. काळ्या पडद्यावर लाल ठळक आकडे : ३५:००. "शून्यावर आलं की वाजतं. मी तर दूध, भिजवलेले कपडे, स्वतःची आंघोळ, सगळं ह्याच्यावर लावते."

"आंघोळीतून उठवायलासुद्धा तुला भोंगा लागतो, आणि शिकवतेस मला."

तेवीस वर्षं आईने ह्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये घड्याळ बघून रंग धुतला नव्हता. तिचं माप गप्पांचं. सासूची गाऱ्हाणी बरोबर पस्तीस मिनिटं पुरत. नव्या घराचं कौतुक विसातच आटपे. मग 'पडदे कुठले लावलेत?' असं विचारून ती उरलेली पंधरा भरून काढी. बोलण्याचा सूर उतरला की रंग चढला. गिऱ्हाइकं हसत, पण केस कधी बिघडले नव्हते.

गेल्या वर्षापासून मात्र तो सूरच ऐकू येईना. एका कानात कापूस कोंबल्यासारखं, दुसऱ्यात जरा कमी. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पार्लरमध्ये निभावून जाई, कारण इथे सगळ्या आरशाकडे तोंड करून बसतात आणि आरशात ओठ दिसतात. शब्द कळत. पण गोष्ट संपली की बाई नुसती दम खातेय, हे ओठ थोडेच सांगतात? लेकीला सुगावा लागला तर 'आता घरी बस' हे ठरलेलंच होतं.

खरं तर टायमर तिला मनातून आवडला. आकड्यांकडे बघायचं, बस. ऐकायचं काही नाही. दोन दिवस तिची नजर त्यावरून हलली नाही. आपण जिंकलो असं लेकीला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाई धीर करून पुन्हा आल्या. त्यांना रंग लावून झाला, लेक खाली रंगाची ट्यूब आणायला गेली, आणि दुसऱ्या खुर्चीतल्या मुलीचे केस धुवायचे राहिले होते. आकडे दाखवत होते ०८:००. एक डोकं पाच मिनिटांत धुऊन होतं, असा हिशेब करून आई मुलीला आडपडद्यामागच्या बेसिनकडे घेऊन गेली. केस तेलाने थबथबलेले; दोनदा धुवावे लागले. मुलगी डोळे मिटून पेंगत होती.

लेक आली तेव्हा टॅब ठणाणा करत होता.

"दोनदा हाक मारली ताईंना," पोस्टातल्या बाई ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, कामात असतील."

लेकीने स्वतःच त्यांचं डोकं धुतलं. कपाळ वाचलं, तपकिरी व्हायचे ते केस मात्र काळेकुट्ट झाले. बाईंनी आरशात मान वळवून वळवून पाहिलं, "तरुण दिसते की मी," म्हणाल्या आणि गेल्या. मुलगीही गेली.

"आई, ते खाली जिन्यात ऐकू येत होतं."

"नळ चालू होता."

"नळ बंद होता. तू टॉवेल गुंडाळत होतीस."

आई कंगव्यातले केस काढत राहिली, नजर आरशात, लेकीच्या ओठांवर. ती नजर लेकीने पकडली. खुर्चीवरचा टॉवेल उचलून तिने तो तोंडासमोर धरला. आरशात आता तिचे फक्त डोळे होते. टॉवेल किंचित हलला, थांबला, पुन्हा हलला. डोळे भरून आले.

मग तिने टॉवेल खाली घेतला.

"मी काय म्हणाले, सांग."

आईने कंगवा ठेवला. एप्रनची गाठ सोडली, एप्रन खुंटीला अडकवला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून घराकडे निघाली.