वाटण आधी, मासळी मागून

आमच्यात पाण्यावर निघालेल्या माणसाला कुठे चाललात असं विचारत नाहीत. परत आलेल्याला काय मिळालं असंही विचारत नाहीत. टोपली दिसतेच की. भरली असेल तर बोलायची गरज नाही, रिकामी असेल तर बोलून फायदा नाही. हे कोणी शिकवत नाही. कोळ्याच्या घरातलं पोर हे आपोआप शिकतं.

माझी सून पुण्याची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा शिजत नाही. तिला हे कुठून माहीत असणार.

बायको पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मी खाडीत पाय घातला नव्हता. होडी किनाऱ्यावर उपडी पडलेली, जाळं माळ्यावर. मासळी तोंडाला लावली नव्हती. शेजारणी कालवण आणून द्यायच्या, ते मी मांजराला घालायचो. मुलगा फोनवर रोज विचारायचा, बाबा जेवलात का. मी हो म्हणायचो. त्याला खोटं कळलं असणार, कारण हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं मला व्हिसावर डच मुलखात, झूटरमेरला उचलून आणलं.

त्यांच्या घरामागे कालवा आहे. ती दोघं सकाळी लॅपटॉप उघडून बसायची, नाहीतर ट्रेननं ऑफिसला जायची, आणि मी खिडकीत बसायचो. कालव्याच्या लाकडी धक्क्यावर एक डच म्हातारा रोज घडीची खुर्ची टाकून बसायचा. असेल माझ्याच वयाचा. हातात लांब काठी, पुढे पाण्यावर तरंगणारा लाल बोया. इतका वेळ हलला नाही की मला वाटलं, गेला की काय. मग त्यानं थर्मासातून कॉफी ओतून घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी बघतोय हे मुलानं बघितलं. इथे साधा गळ टाकायलाही परवाना लागतो. तो त्यानं मोबाइलवरच काढला आणि दुकानातून काठी, दोरा, आमिषाच्या अळ्या, सगळं आणलं. अळ्यांची डबी सुनेच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बाहेर शेडमध्ये ठेवायची, असं मला आधीच बजावलं.

त्या दिवसांत गावातून एक जण होडी विकत मागत होता. मुलाला मी सांगून टाकलं, एक मासा माझ्या हाताला लागला तर परत जाऊन होडी सुलटी करीन. नाही लागला तर त्याला देऊन टाक. मुलगा म्हणाला, बाबा, ही काय पैज आहे का. पैज नव्हती. मला आपलं बघायचं होतं, माझ्यातला कोळी अजून जिवंत आहे की बायकोबरोबर गेला.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याच्या गळाला एक मासा लागला. हातभर असेल, चांदीसारखा. त्यानं हात ओले केले, गळ अलगद सोडवला, माशाकडे बायकोकडे बघावं तसं बघितलं आणि दिला पाण्यात सोडून. मी कपाळावर हात मारला. खाण्याची खूण करून दाखवली. त्यानं मान हलवली आणि हसला. घरी विचारलं तर मुलगा म्हणाला, इथे सोडूनच देतात. मग धरायचा कशाला, म्हटलं. तो लॅपटॉपकडे वळला. बरं, म्हटलं, खाईना का. दोऱ्याला ओढ तर लागेल. तेवढी पुरे.

पण ओढ लागेना. थंडी वाढली तसा मासा खाली चिखलात जाऊन बसला. म्हाताऱ्यालाही मिळेना. दुपार कलली की तो खुर्ची मिटायचा आणि म्हणायचा, "मॉर्खन." म्हणजे उद्या. त्याच्या भाषेतला तेवढाच एक शब्द मला आला.

मग एका सकाळी कालवा गोठला. मी पाण्यापाशी उभा जन्म काढला, पण पाणी असं तोंड मिटून बसलेलं कधी बघितलं नव्हतं. बर्फ पातळ होता, त्यावर कोणी पाय ठेवत नव्हतं. म्हाताऱ्यानं धक्क्यावरूनच लोखंडी पहारीनं दोन भोकं पाडली, एक त्याचं, एक माझं. भोकावर सारखी बर्फाची साय धरायची, ती काढायला त्याच्याकडे एक भोकाभोकाचा डाव होता. मी घरी येऊन सुनेचा झारा उचलला.

त्या भोकापाशी बसून मी काय करायचो? मनानं गावाला जायचो. आमच्याकडेही असे दिवस असतात. उत्तरेचा वारा सुटला की खाडी आटल्यासारखी गप्प होते. भरती येते, ओहोटी जाते, जाळ्यात गवत. पण होडी ओढून वर आलो की पाट्याचा आवाज यायचा. बायको बाजारातून आलेली असायची, दुसऱ्यांची मासळी विकून, आणि अंगणात वाटायला बसलेली असायची. ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, लसूण. माझ्या टोपलीकडे बघायचीसुद्धा नाही. टोपली रिकामी निघाली तर त्याच वाटणात बटाटा पडायचा, नाहीतर सुकट. त्या वासावर मी दुसऱ्या दिवशी परत होडी ढकलायचो.

एकदा फार दिवस काही मिळालं नाही तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो. कशाला वाटतेस, घालणार काय त्यात? तिनं वरवंटा थांबवला नाही.

"मासली आल्यावर वाटायला बसू होय? तवर तुमी उपाशी."

झूटरमेरच्या बर्फापाशी मला हे रोज ऐकू यायचं. नाक गोठायचं, बोटं गोठायची, पण पाट्याची घरघर चालू. म्हातारा मला कॉफी द्यायचा, मी त्याला सुनेनं डब्यात दिलेले थेपले द्यायचो. त्याच्या हातात अंगठी होती, आणि त्याच्या शेजारी एक दुसरी घडीची खुर्ची कायम मिटलेली असायची. ती त्यानं मला कधी दिली नाही. मीही मागितली नाही. पालथ्या बादलीवर बसायचो.

आणि घरी सून. सकाळी दारात, "बाबा, कुठे निघालात? टोपी घ्या." संध्याकाळी दारात, "मिळालं का काही?" पोरीच्या मनात माया. पण सकाळच्या त्या 'कुठे'नंच दिवस नासतो, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी तिला झारा माझ्या पिशवीत सापडला. पुऱ्यांचा झारा. तिनं तो दोन बोटांत धरला.

"बाबा, हा मासळीला लागला का?"

"लागला असता तर बरं झालं असतं."

मुलगा हसला, ती हसली, मग हसत हसतच म्हणाली, म्हणजे आजही नाही मिळालं. तिथे माझा तोल गेला. म्हटलं, तुझी सासू एवढी वर्षं माझ्या घरात होती, एकदाही विचारलं नाही तिनं. वाटण करून ठेवायची आणि गप्प बसायची. तुम्हाला काय कळणार, तुमच्याकडे मासे फक्त काचेच्या पेटीत. मुलगा म्हणाला, बाबा, पुरे. तिनं झारा घासून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं बंद केलं. 'कुठे निघालात' नाही, 'मिळालं का' नाही, 'टोपी घ्या' तेही नाही. मला हवं होतं तेच झालं, आणि घर त्या कालव्यासारखं झालं. गावचं माझं घर असंच गप्प झालं होतं. त्यातून तर मी इथे आलो होतो.

मग हवा पालटली. बर्फाला पाणी सुटलं, माझ्या भोकाच्या कडा विरघळून ते भोकच राहिलं नाही. त्या दिवशीही बोया हलला नाही. मी दोरा गुंडाळला आणि म्हाताऱ्याला हातानं खूण केली, संपलं. तो म्हणाला, "मॉर्खन." मी मान हलवली, नाही. त्यानं खांदे उडवले, पुन्हा तेच म्हणाला आणि पाण्याकडे बघत बसला. मी ठरवूनच निघालो. मुलाला सांगायचं, होडी देऊन टाक.

दार उघडलं आणि वास आला. भाजल्या खोबऱ्याचा, मिरचीचा. सून स्वयंपाकघरात, मिक्सर धुवून पालथा घातलेला. ओट्यावर दोन वाट्या, एक लाल, एक हिरवी.

"बाबा, वाटण केलंय. लाल की हिरवं ते मला माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही केलं." पाठ माझ्याकडेच होती. "काही विचारत नाहीये मी."

मी लाल वाटीत बोट घालून चाखलं. भाजलेलं सुकं खोबरं, परतलेला कांदा, लवंगही होती. हे तिच्या आईच्या उसळीचं वाटण. मासळीत घातलं तर मासळी मेल्यावर पुन्हा मरेल. मला गोड बोलता येत नाही.

"हे चुकलंय. मासळीला ओलं खोबरं लागतं, कच्चं. कांदा परतायचा नाही."

"मग सांगायचं ना. मी काय स्वप्नात बघू?" ती वळली. डोळे लाल होते, मिरचीनं असतील. "आणि आता एवढ्याचं करू काय?"

"बटाटा घाल."

तिघं बसून जेवलो. मी दोनदा भात घेतला. उसळीच्या वाटणातला बटाटा, त्यात मासळीचा वाससुद्धा नाही, तरी ताट बोटानं पुसून घेतलं. ताटावरच मुलानं विचारलं, गावाहून त्या माणसाचा पुन्हा फोन आला होता, होडीचं काय सांगू? सुनेनं त्याच्याकडे रागानं बघितलं. तिला वाटलं, यानं विचारायला नको होतं.

"सांग, मला लागणार आहे," म्हटलं.

सकाळी त्यांच्या आधी उठलो. सुक्या मिरच्या मोजल्या नाहीत, बायको घ्यायची तशी मूठभर घेतल्या, वाटीत पाणी घालून भिजत ठेवल्या. नारळ फोडून ठेवला. मग काठी उचलली. सून जिन्यावरून उतरत होती. तिनं वाटीकडे बघितलं, काठीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"टोपी," एवढंच म्हणाली.

मी टोपी घातली आणि येतो म्हणून निघालो.