लॅपटॉपला दाखवलेली दोन उन्हं

लेकीची हळद चार दिवसांवर आली आणि आमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा उमटल्या. पावसाळाभर तो कपाटात कोंडलेला. आणि नेमकं त्याच लॅपटॉपमध्ये सासूबाईंचं हळदीचं गाणं! "तुन्ही हळदले मीच गाणं म्हणसू," असं त्यांनी नातीला कबूल केलं होतं, आणि गेल्या वर्षी त्या गेल्या. एकदा मिरच्यांचे देठ खुडता खुडता त्या ते गाणं गात होत्या, तेव्हा मी मोबाईलवर घेतलं होतं. मोबाईल भरला म्हणून लॅपटॉपमध्ये टाकलं आणि मोबाईलमधून पुसून टाकलं. दुसरीकडे कुठेच ठेवलं नाही. काय ती माझी हुशारी!

आमचे हे मिरचीवाले. नंदुरबारबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे लाल मिरची वाळवायचं मोकळं रान. या माणसाच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, ओल. "ह्येले ओल धरेल शे. दोन उन दाखाडू, व्हई जाई बरं." मला वाटलं, गंमत करताहेत. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन पथारीवर गेले तर काय! मिरच्यांच्या मधोमध लॅपटॉप उघडा पडलेला, आणि एक मजूर बाई मिरच्यांबरोबर त्यालाही मन लावून उलथापालथा करत होती, दोन्ही अंगांनी सारखा वाळावा म्हणून.

घरी आणून बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पण पडदा काळा ठिक्कर. वायर टीव्हीला जोडली, तर टीव्हीवर एकच ओळ, डिस्क सापडत नाही.

"तुम्ही आईंचा आवाज वाळत घातला!" मी ओरडले. हे मटकन खाली बसले. इतके केविलवाणे दिसत होते, की रागाच्या भरातच मला फस्सकन हसू आलं.

रिक्षा करून दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या ताईंनी पाठीमागचं झाकण काढलं आणि आत ब्लोअर मारला. अगं बाई गं! लाल धूळ भस्सकन वर आली. ताई शिंकल्या, हे शिंकले, मी शिंकले, बाहेर थांबलेला रिक्षावालाही शिंकला.

"हाऊ लॅपटॉप शे का मिरचीना डबा?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. ह्यांची नजर जमिनीवर.

पडद्याची वायर सैल झाली होती. ती काढून, पुसून परत बसवली, तर पडदा उजळला, रेघाही गायब! पण डिस्क नुसती टकटक करत होती. ताईंनी ती बाहेर काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. "जेवढं निघेल तेवढं काढते. आशा फार धरू नका." ह्यांनी माझा हात घट्ट धरला. भर दुकानात! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

गाण्याची फाइल निघाली, पण तुटकी. दोन ओळी नीट वाजल्या आणि सासूबाईंना सटकन शिंक आली. मग त्यांचं ते खळखळून हसणं. "बंद कर ते! मन्हं नाक वाही ऱ्हायनं, अन् तुले गाणं सुची ऱ्हायनं!" पुढे नुसती खरखर. बाकीचं गाणं गेलं ते गेलंच.

हे पाठ फिरवून रुमाल शोधू लागले. मिरची फार झाली म्हणे.

हळदीच्या दिवशी मांडवात आम्ही तेवढंच लावलं. दोन ओळी, शिंक, हसणं, दटावणी. हळद लावणाऱ्या बाया पोट धरधरून हसल्या. मी मात्र घाबरून लेकीकडे पाहत होते. तिचा चेहरा पिवळाधमक, आणि डोळे भरलेले.

"आजी उनी," ती म्हणाली. आजी आली म्हणे.

आणि जिथे शिंक आली होती, तिथून पुढचं गाणं तिनेच उचललं. शेवटपर्यंत म्हटलं. तिला ते सगळं पाठ होतं, आणि मला माहीतच नव्हतं.