मॅडम, साबणानं ॲसिड मरतं का?

सोनकांबळे मॅडमना एकदा वाटलं होतं, मी कुणाच्या तरी तोंडावर ॲसिड फेकणार आहे.

मॅडम आज पहाटे वारल्या. नांदेडला, दवाखान्यात.

मी दहावीला होते. तालुक्याची शाळा. मॅडम सायन्सला.

आम्लाचा धडा चालू होता. मी हात वर केला.

"मॅडम, ॲसिड कसं बनवतात?"

त्यांनी नीट सांगितलं. गंधक जळाल्यावर वायू होतो, त्याच्यावर कारखान्यात पुढची प्रक्रिया, मग पाण्याशी संयोग झाला की आम्ल.

"मग ते कुणालाबी मिळतं का?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, साबण आम्ल असतो का आम्लारी?

त्यांनी साबणाच्या पाण्यात तांबडा लिटमस बुडवला. निळा झाला. "आम्लारीधर्मी. तेल आणि कॉस्टिक सोडा मिळून साबण होतो, म्हणून."

"मग ॲसिडवर साबण लावला तर ॲसिड मरतं का?"

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

त्या दिवसापासून लॅबच्या कपाटाची चावी त्यांच्या पर्समध्ये गेली. मला पहिल्या बाकावर बसवलं. मी लॅबवरून गेले की त्यांची नजर माझ्या दप्तरावर.

मला कळत होतं. राग पण येत होता.

शेवटी एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला वर्गात थांबवलं. "दप्तर दाखव."

आत कपडे धुवायच्या साबणाची वडी निघाली. पेपरात गुंडाळलेली.

"शाळेत साबण कशाला गं?"

मी वडी परत पेपरात गुंडाळायला लागले.

त्यांनी दार लोटलं. आवाज खाली आणला. "खरं सांग. कुणाला भेव दाखवायलीस, का कुणाला भ्यायलीस?"

मग मला रडूच आलं.

माझी ताई रोज एसटीनं कॉलेजला जायची. स्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानातला एकजण तिच्या मागं लागला होता. ताई नाही म्हणाली, तर त्यानं तिला बाटली दाखवली.

"बॅटरीचं पाणी हाय. तोंडावर पडल्यावर कळंल."

घरी सांगितलं तर कॉलेज बंद, म्हणून ताईनं फक्त मला सांगितलं. एक वडी मी तिच्या पर्समध्ये घातली होती. एक माझ्याकडं, मी सोबत असले तर लावता येईल म्हणून.

मॅडमनी साबणाची वडी उचलून टेबलावर ठेवली.

मग म्हणाल्या, "साबण न्हाई लावायचा. नळाखाली उभं राहायचं. नुसतं पाणी, लई वेळ, आणि लगेच दवाखाना. ताईला आजच सांग. पण तिथवर आपण जाऊच द्यायचं न्हाई."

त्या संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. मला वाटलं, झालं. आता ताईचं कॉलेज सुटणार, आणि ते माझ्यामुळं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं. मॅडमकडं बघितलं, मग ताईकडं.

"हिनंच काही केलं असंल. उगंच कोण कुणाच्या मागं लागतंय?"

ताईनं मान खाली घातली. तिचं ते तोंड मी विसरले नाही.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, मी तुमच्या धाकटीवर असाच संशय घेतला. पोरगी भेलेली होती, आणि मी तिचं दप्तर तपासत बसले. मी चुकले. तुम्ही चुकू नका."

अप्पा उठून अंगणात गेले. मला वाटलं, आता मॅडमला जा म्हणतील.

ते चप्पल घालून आत आले. म्हणाले, "सकाळी ठाण्यात येता का मॅडम? मला बोलता येत न्हाई तिथं."

सकाळी मॅडम, अप्पा आणि ताई ठाण्यात गेले. साहेबांनी पहिलं ताईलाच विचारलं, तुझं त्याच्याशी काही होतं का?

मॅडम म्हणाल्या, "साहेब, आधी दुकान बघा. पोरगी कुठं पळून जायली न्हाई."

बाटली दुकानातच सापडली, त्याच्या कपड्यांच्या पिशवीत. पोलिस त्याला घेऊन गेले.

पुढं तो जामिनावर सुटला. ते दिवस फार वाईट होते. स्टँडवर कुणी पाठमोरं दिसलं तरी ताई थबकायची. गावात बायका म्हणायच्या, आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

मॅडम रोज शाळेआधी स्टँडवर यायच्या. ताईला खिडकीशी बसवायच्या आणि गाडी हलेपर्यंत दाराशी उभ्या राहायच्या. त्याला शिक्षा झाली आणि तो तालुका सोडून गेला, तोवर हे चाललं.

ताई आज मुखेडला तलाठी आहे. मी लातूरला केमिस्ट्री शिकवते.

आणि अप्पा. आमच्या घरात कुणी कुणाला जय भीम म्हणत नसे. अप्पा मात्र पुढं मॅडम रस्त्यात दिसल्या की सायकलवरून उतरायचे आणि आधी स्वतः म्हणायचे. बघणारे बघत राहायचे.

आता त्यांना अंथरुणावरून उठवत नाही. सकाळी फोन केला. मॅडम गेल्याचं सांगितलं.

मग म्हणाले, "तू जायलीस नं? माझा पण सांग."

मॅडम, जय भीम.
माझा, ताईचा, आणि अप्पांचा.