उतरणीचे बाण

गावात त्याला बाणवाला म्हणत, आणि बाणवाल्याचं डोकं तापलेलं नाही असा दिवस गावानं पाहिला नव्हता. पाहुणे जिथं गाड्या लावतात, त्या मैदानापासून डोंगरमाथ्यावरच्या दगडी खांबापर्यंत एक पायवाट जाते. त्या वाटेवरच्या दगडांवर पिवळे बाण काढायचे, शेवाळ खरवडायचं, वाटेत घुसणारी झुडपं कोयत्यानं छाटायची, हे त्याचं काम. बावीस वर्षं, एकशे चौदा बाण. झोपेतून उठवून विचारा, चौसष्टावा कुठल्या दगडावर आहे ते सांगेल. वर झोप मोडली म्हणून दोन शिव्या घालेल त्या वेगळ्या.

सगळा राग पाहुण्यांवर. "भोपळ्याएवढाले बूट घालतात, हातात दोन-दोन काठ्या, आणि नजर कुठं? मोबाईलमध्ये! अरे, गाढवसुद्धा चालताना वाट बघतं!" हे भाषण बायकोला तोंडपाठ होतं. शिवणयंत्रावर पाय मारता मारता ती पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळी व्हायची. मग तो दुप्पट भडकायचा.

त्या वर्षी मात्र पाणी नाकातोंडाशी आलं. एका हंगामात चार वेळा पाहुणे उतरताना वाट चुकले, आणि चारही वेळा शोधायला हाच गेला. शेवटची सापडली ती एक निवृत्त शाळामास्तरीण. काटेरी झुडपांच्या मधोमध एका दगडावर ऐसपैस बसून बाई संत्रं सोलत होती.

"दादा, तुमचे बाण मध्येच संपले हो," ती म्हणाली.

"बाण संपत नाहीत बाई, लक्ष संपतं," असं म्हणून त्यानं तिची पिशवी उचलली आणि तरातरा पुढं निघाला.

आठवड्यानं वनखात्याच्या कचेरीचा कागद आला. वाट धोक्याची दिसते. सोमवारी साहेब स्वतः चालून बघतील. पटलं नाही तर पायथ्याला तार ठोकून वाट कायमची बंद.

"आंधळ्यांनी ठेचकाळायचं आणि फाशी वाटेला!" बाणवाल्यानं अंगणातल्या बादलीला लाथ घातली. बादली लोखंडी होती. मग तो अंगठा धरून बसला आणि बादलीलाही बोलला.

बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कात्री खाली ठेवली. "कान किटले माझे. उद्या मी येते वर. बघू तरी बावीस वर्षं काय रंगवलंत ते."

"आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघते. तुम्ही बाण दाखवा."

शनिवारी दोघं निघाली. चढताना नावं ठेवायला बायकोनं पुष्कळ जागा शोधली, पण मिळाली नाही. एका बाणापाशी उभं राहिलं की पुढचा दिसायचाच.

"आता सांग, इथं कोण चुकेल?"

"नाही चुकणार कुणी," ती म्हणाली. एवढी सरळ कबुली ऐकायची सवय नसल्यामुळं तो गोंधळला आणि उगाच एका माशीवर खेकसला.

माथ्यावर पाणी पिऊन झालं, आणि तो रोजच्यासारखा मागच्या बाजूला वळला. तिकडून ओढ्याची घळ धरली की अर्ध्या तासात थेट स्वतःच्या परसात. त्याचा बाप असाच उतरायचा, तोही असाच उतरत आला होता.

"कुठं निघालात?"

"घरी."

"त्या घसरगुंडीवरून? मला खांद्यावर घेणार असाल तर चला. नाहीतर आलो त्याच वाटेनं."

"अगं, तासभर जास्त लागतो!"

"लागू दे. तास काय पळून चाललाय?"

ती पुढं, तो मागं पुटपुटत. तीन मोठ्या दगडांपाशी वाट फुटत होती. बायको क्षणभर थांबली आणि डावीकडं, मेंढ्यांच्या वाटेला लागली.

"अगं ए! उजवीकडं!"

"उजवीकडं असं कुठं लिहिलंय?"

"एवढा ढळढळीत बाण दिसत नाही? मधल्या दगडावर बघ!"

ती मागं आली. मधला दगड हिरवागार, शेवाळलेला. तिनं त्यावरून हात फिरवला. "कुठाय?"

बाणवाला दणदणत दगडाला वळसा घालून पलीकडं गेला. बाण तिथं होता, पिवळाधमक, चढणाऱ्याकडं तोंड करून. तो परत अलीकडं आला. अलीकडं शेवाळ. पुन्हा पलीकडं गेला, जणू तेवढ्यात काही बदललं असेल.

मग त्यानं खालच्या उतारावर नजर टाकली. सगळे दगड पाठ करून बसले होते.

"माणसानं मागं वळून बघावं की जरा," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"उतरताना मागं बघत चालायचं? बरं. तुम्ही चालून दाखवा, मी खाली पोती अंथरते."

त्याला मास्तरीण आठवली. संत्रं आठवलं. कान तापले. "बावीस वर्षांत एकानंही नीट सांगू नये?"

"सांगितलं असेल. तुम्ही सांगू दिलं का?"

रविवारी दोघं पुन्हा माथ्यावर. या वेळी डबा-ब्रश घेऊन वरून खाली. बायको पुढं चालायची आणि घोटाळली की काठी आपटायची. "इथं."

"इथं कशाला? सरळ तर आहे!"

"मला नाही कळलं. म्हणजे इथं."

त्यानं दात-ओठ खात शेवाळ खरवडलं. नवे एकसष्ट बाण झाले. शेवटचा काढताना त्यानं डबा उलटा करून झटकला.

सोमवारी साहेब माथ्यावर पोचले, आणि बाणवाला तोंड मिटून त्यांच्या मागून उतरू लागला. तीन दगडांपाशी साहेब आले. साहेब बोलता बोलता उजवीकडं वळले, थांबलेही नाहीत. पुढं चार पावलांवर मात्र त्यांनी आपल्या कोपराकडं पाहिलं. बाहीला पिवळा रंग लागला होता.

"हे बाण आधी नव्हते का?"

"होते," बाणवाला म्हणाला. "चढणाऱ्यांसाठी होते. उतरणाऱ्यांचे मी कधी काढलेच नव्हते."

साहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. खिशातल्या कागदावर काहीतरी खरडलं. पायथ्याला तार काही ठोकली गेली नाही.

आता बाणवाला घळीतून उतरत नाही, बायकोची सक्त ताकीद आहे. रोज तासभर जास्त लागतो. त्या तासावरून तो रोज संध्याकाळी भांडतो, आणि ती मशीनवरून पुढचं वाक्य सांगते.